बडोद्यातील मुलांचा रत्नवर्ग : एका पालकाचे परीक्षण

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी भरणाऱ्या हस्तकलेच्या वर्गांमध्ये विषय हा बहुधा नावापुरता असतो. समुद्र असो, अवकाश असो की रत्ने असोत, मुले शेवटी कागद कापतात, चमकी चिकटवतात आणि घरी आणलेली वस्तू थोड्याच दिवसांत माळ्यावर जाते. दांडिया बाजारातील एका जुन्या घराच्या माडीवर मे महिन्यात रविवारी सकाळी भरणारा रत्नांचा वर्ग मला याहून वेगळा वाटला, कारण तेथील बहुतेक कृतींची आखणीच अशी आहे की ती पूर्ण करायची तर खड्याचा एखादा खरा गुण मुलाला समजून घ्यावाच लागतो. माझी नऊ वर्षांची मुलगी या वर्गाला गेली. पालकांना मागच्या बाकावर बसण्याची मुभा असल्यामुळे त्यातील बराचसा भाग मला प्रत्यक्ष पाहता आला, आणि पुढच्या सुट्टीत आपल्या मुलांना तेथे पाठवावे की नाही असा विचार करणाऱ्या पालकांसाठी मी हे सविस्तर लिहीत आहे.

वर्ग घेणाऱ्या बाई भूशास्त्र शिकलेल्या आहेत आणि मुले त्यांना काकू म्हणतात. पहिल्या तासाला त्यांनी प्रत्येक गटासमोर पाच तांबडे खडे ठेवले आणि यांतले माणिक कोणते, एवढाच प्रश्न विचारला. त्यांत रंगीत काच होती, तांबडा अकीक होता, गार्नेट होते, रंग दिलेला स्फटिक (क्वार्ट्झ हे खनिज) होता आणि प्रयोगशाळेत तयार झालेले एक माणिक होते. बहुतेक मुलांनी सर्वांत जास्त चमकणारी काच उचलली. काकूंनी त्यांना चूक किंवा बरोबर असे काहीच सांगितले नाही. काचेची एक पट्टी दिली आणि प्रत्येक खड्याने तिच्यावर रेघ ओढून पाहायला सांगितले. काचेच्या खड्याची रेघ उमटेना, बाकीच्या चारांची उमटली. मग स्फटिकावर उरलेल्या खड्यांनी ओढून पाहिले तेव्हा माणिकाने त्यावर अगदी सहज चरा पाडला. शेवटी खोलीतले दिवे मालवून काकूंनी अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च स्वतःच्या हातात धरून खड्यांवर टाकला आणि माणिक निखाऱ्यासारखे लाल उजळले. मुलांचा आनंद मोठा होता, पण मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते हे की रंगावर भरवसा ठेवू नये हा धडा त्यांनी कोणी न सांगता स्वतःच घेतला. ब्रिटिश राजमुकुटाच्या दर्शनी भागात बसवलेला, शतकानुशतके माणिक म्हणून मिरवलेला मोठा तांबडा खडा प्रत्यक्षात स्पिनेल नावाचे दुसरेच खनिज आहे, ही गोष्ट काकूंनी या प्रयोगानंतर सांगितली, आधी सांगितली नाही. हा क्रम मला फार विचारपूर्वक ठरवलेला वाटला.

प्रयोगशाळेतले माणिक वापरण्यालाही कारण आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्नॉय यांनी १९०२ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीने ज्योतीत भुकटी वितळवून असे माणिक बनवता येते. घटक तेच, काठिण्य तेच आणि किंमत इतकी कमी की मुलांच्या हाती निर्धास्तपणे देता येते. दागिन्यातल्या खड्यावर मात्र अशी ओरखड्याची परीक्षा कधीही करायची नाही, हे काकूंनी बजावून सांगितले. घरी गेल्यावर आजीच्या अंगठीवर प्रयोग होऊ नयेत यासाठी ही सूचना किती गरजेची आहे, हे पालकांच्या लगेच लक्षात येईल.

याच तासाला जोडून मुलांनी पुठ्ठ्याची काठिण्याची शिडी बनवली. खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिक मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या श्रेणीत शंखजिरे पहिल्या पायरीवर येते आणि हिरा दहाव्या. प्रत्येक पायरीवर त्या खनिजाचा तुकडा चिकटवायचा, मात्र आपण स्वतः वरखाली ओढून पाहिल्याशिवाय चिकटवायचा नाही, असा नियम होता. नखाचे काठिण्य अडीचच्या आसपास आणि चाकूच्या पोलादाचे साडेपाचच्या आसपास असते, त्यामुळे नख आणि चाकू यांच्याही खुणा शिडीवर आल्या (चाकू अर्थातच काकूंनी चालवला). चौथ्या पायरीवरचे फ्लोराइट आपल्या शेजारच्या छोटा उदेपूर जिल्ह्यातील आंबाडुंगरचे होते. आपल्या घराजवळच्या डोंगरातून निघालेला जांभळट तुकडा पाहून मुले जितकी खूश झाली तितकी दूरदेशीच्या खड्यांमुळे झाली नाहीत. वरच्या दोन पायऱ्यांवर तुकड्यांऐवजी चित्रे होती. नववी आणि दहावी पायरी शिडीवर शेजारी दिसत असल्या तरी त्यांच्यातले खरे अंतर खालच्या पायऱ्यांच्या मानाने कितीतरी मोठे आहे, हे दाखवण्यासाठी काकूंनी हिऱ्याचे चित्र शिडीच्या बाहेर, भिंतीवर हातभर उंच लावायला सांगितले.

माझ्या मते या वर्गाचा सर्वांत संपन्न भाग अकीकाचा आहे, आणि बडोद्यात तो तसा असणे योग्यच आहे. खंभात हे शहर येथून फार दूर नाही, आणि भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या परिसरातून निघणारा अकीक खंभातच्या कारागिरांकडे पिढ्यान्‌पिढ्या येत आला आहे. काकूंनी प्रथम अकीकाच्या पातळ चकत्या खिडकीच्या काचेला टेकवून मुलांना त्यातली वलये पाहू दिली. मग ओल्या जाड कागदावर जलरंगाने तशी वलये रंगवायची होती. जवळजवळ सर्व मुलांनी मधल्या ठिपक्यापासून सुरुवात केली. काकूंनी त्यांना थांबवले आणि विचारले, की लाव्हा थंड होताना त्यात वायूचा बुडबुडा अडकून पोकळी राहिली आणि त्या पोकळीत सिलिकायुक्त पाणी झिरपू लागले, तर पहिला थर कोठे बसेल? थोड्या चर्चेनंतर एका मुलाने भिंतीला असे उत्तर दिले. मग सर्वांनी नवा कागद घेतला आणि बाहेरून आत रंगवत आणले; काहींनी मधे जागा उरली तेथे स्फटिकांची टोके काढली, कारण अशा पोकळीच्या मध्यभागी कित्येकदा स्फटिक वाढलेले असतात. हे चित्र रंगवलेले मूल अकीक कसा तयार होतो हे विसरणे कठीण आहे, कारण ती प्रक्रिया त्याच्या कुंचल्याने स्वतः केलेली असते. हस्तकलेने शिकवणे म्हणजे काय, याचे इतके नेमके उदाहरण मी आजवर पाहिले नव्हते. पावागडचा डोंगर ज्या लाव्हापासून बनला तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या ज्वालामुखीकाळातला आहे, हेही येथे ओघात सांगितले गेले. पावागड सर्वांनी पाहिलेला असल्यामुळे लाव्हा हा शब्द मुलांना परका राहिला नाही.

त्यानंतर रंगाचा विषय आला. खाणीतून निघणारा अकीक पुष्कळदा पिवळट किंवा तपकिरी असतो. तो उन्हात वाळवून मातीच्या भांड्यांत भरतात आणि मंद आगीत तापवतात, तेव्हा त्यातल्या लोहाच्या संयुगात बदल होऊन तो तांबडा होतो. काकूंनी एकाच दगडाचे दोन अर्धे भाग दाखवले, एक तापवण्यापूर्वीचा आणि एक नंतरचा. हे तंत्र हडप्पा संस्कृतीइतके जुने आहे. लोथल येथील उत्खननात मणी बनवण्याची कर्मशाळा सापडली, आणि सिंधू खोऱ्यातल्या कारागिरीचे लांबट तांबडे मणी मेसोपोटेमियातील उर येथील राजघराण्याच्या थडग्यांतही मिळाले आहेत. मणी ओवण्यासाठी त्याला आरपार भोक पाडणे किती कठीण होते, हे समजावे म्हणून मुलांना शाडूचे लांब मणी करायला देऊन दोन्ही टोकांकडून काडीने भोक पाडत आणायला सांगितले. जुने कारागीर लांब मणी असेच दोन्ही बाजूंनी भेदत. बहुतेकांची दोन भोके मधे जुळलीच नाहीत, आणि मऊ मातीत जे साधत नाही ते काचेहून कठीण दगडात साधणाऱ्या माणसांविषयी मुलांच्या बोलण्यात खरा आदर दिसू लागला.

येथे एक उणीव मला प्रकर्षाने जाणवली. खंभातच्या अकीक कारागिरांपैकी अनेकांना दगड घासताना उडणाऱ्या बारीक धुळीमुळे सिलिकोसिस हा फुप्फुसांचा गंभीर आजार होतो, आणि ही गोष्ट वर्गात कोठेच आली नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे भीती न घालता सांगता येते. ओले करून घासल्यास धूळ कमी उडते, तोंडावर चांगला मास्क हवा आणि हवा खेळती हवी, इतके तरी त्यांना कळावे. मण्याचे सौंदर्य शिकवायचे आणि तो घासणाऱ्याच्या छातीत काय साठते ते वगळायचे, हे मला अपुरे वाटते. मी काकूंना हे सांगितले आणि पुढच्या वर्षी हा भाग घेण्याचे त्यांनी मान्य केले.

तुरटीच्या स्फटिकांचा प्रयोग अनेक ठिकाणी करतात, परंतु येथे त्याला कागदाच्या घडणीची जोड दिली आहे. मुलांनी आधी घन, अष्टफलक आणि षट्‌कोनी प्रचिन (सहा बाजूंच्या खांबासारखा आकार) असे तीन आकार जाड कागदाचे घडवले. मग मिठाचे कण भिंगातून पाहून त्यांची घनाशी जुळणी केली, स्फटिकाचा खडा षट्‌कोनी आकाराशी जुळवला, आणि अष्टफलक कोणाचा ते मात्र रिकामे ठेवले. त्याचे उत्तर घरी मिळायचे होते. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळवायची, द्रावण निवल्यावर तळाशी बसलेल्या कणांतला एक चांगला कण निवडायचा, त्याला दोरा बांधून तो ताज्या संपृक्त द्रावणात लोंबता ठेवायचा आणि भांड्यावर पातळ फडके बांधायचे. मेमधील बडोद्यात याला एक अडचण येते. तुरटीची विद्राव्यता तापमानाबरोबर झपाट्याने वाढते, त्यामुळे सकाळी वाढलेला स्फटिक दुपारी खोली तापली की पुन्हा विरघळू लागतो. काकूंनी भांडे माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवण्याची युक्ती आधीच सांगितली होती, आणि दुपारी स्फटिक लहान झालेला दिसला तर तसे वहीत लिहायलाही सांगितले होते. आमच्या घरी वाढलेल्या स्फटिकाला आठ त्रिकोणी बाजू स्पष्ट दिसल्या आणि मुलीने तो कागदी अष्टफलकाशेजारी ठेवला. हिराही निसर्गात पुष्कळदा याच आकारात वाढतो, हे पुढच्या तासाला कळले तेव्हा तिला आपल्या तुरटीचा फार अभिमान वाटला. अधिक आकर्षक निळ्या स्फटिकांसाठी मोरचूद वापरण्याचा मोह काकूंनी टाळला आहे, कारण ते विषारी आहे. वजनाच्या धड्यातील गुंजाही त्या सीलबंद बाटलीतच दाखवतात, कारण गुंजेच्या बीतले विष प्राणघातक असते. अशी सावधगिरी पाहिली की पालक म्हणून निश्चिंत वाटते.

वजनाचा हा धडा थोडक्यात आटोपला जातो, पण तो चांगला आहे. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, आणि एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, ही गणिते मुलांनी तांदळाचे दाणे मोजत केली. त्याला लागूनच साबणाला पैलू पाडण्याची कृती येते. पारदर्शक ग्लिसरीन साबणाची वडी प्रत्येकाने आधी वजन करून घेतली, मग बोथट पट्टीने वरचा सपाट माथा आणि त्याभोवतीचे उतार काढले, आणि शेवटी साबण पुन्हा तोलला. निम्मा साबण चुऱ्यात गेलेला पाहून काही मुले हिरमुसली. तेव्हा काकूंनी त्यांना 'स्टार ऑफ द साउथ' या हिऱ्याची गोष्ट सांगितली. १८५३ मध्ये ब्राझीलमध्ये सापडलेला हा हिरा कच्चा असताना २५० कॅरेटहून अधिक वजनाचा होता आणि पैलू पाडल्यावर १२८.४८ कॅरेट उरला. पुढे तो आपल्या बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी विकत घेतला. मुलांनी लगेच गणित केले: सुमारे पावणेसव्वीस ग्रॅम. एवढा एक खडा राखण्यासाठी तेवढाच दुसरा घालवावा लागतो आणि तरीही जवाहिरे तो घालवतात, कारण पैलूंचे कोन बरोबर साधले तरच आत शिरलेला प्रकाश परतून डोळ्यांपर्यंत येतो. साबणात हे दिसत नाही, म्हणून काकूंनी पैलू पाडलेला काचेचा खडा आणि एक सपाट काच छापील कागदावर ठेवून दाखवली. सपाट काचेखालची अक्षरे वाचता आली, पैलूंच्या खड्याखालची मोडून गेली.

लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयाची सहल मला अनपेक्षितपणे आवडली. तेथे राजा रविवर्म्यांची चित्रे आहेत, आणि मुलांना चेहरे सोडून फक्त दागिने पेन्सिलीने उतरवायला सांगितले होते. मोत्यावर प्रकाशाचा ठिपका मऊ आणि पसरट येतो, पाचूवर तो बारीक आणि धारदार येतो आणि बाकीचा खडा गडद राहतो. चित्रकाराने दोघांचे पाणी रंगांनी कसे वेगळे केले आहे, हे शोधायचे होते. माझ्या मुलीने काढलेले चित्र साधेच आहे, परंतु त्यात मोती आणि पाचू ओळखू येतात. मोती हा मुळात खनिज नसून शिंपल्यातील जीव थरांवर थर चढवून घडवतो, हे मागच्या तासाला समुद्री शिंपल्याच्या तुकड्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून, उठणारे बुडबुडे पाहत मुलांनी समजून घेतले होते. मोत्यांच्या दागिन्यांना अत्तर आणि घाम लागू देऊ नये असे आपल्याकडील बायका का सांगतात, हेही त्यातून उलगडले.

आता उरलेल्या उणिवा. शेवटच्या तासाला मुलांकडून प्लास्टिकचे खडे आणि चमकी चिकटवून मुकुट बनवून घेतला जातो. त्याआधीच्या सर्व तासांनी जे शिकवले त्याचा या मुकुटाशी काहीच संबंध नाही. नवरत्नांची नावे सांगून ती योग्य रंगांत लावायला सांगितली जातात, म्हणजे पहिल्या दिवशी ज्या रंगावर भरवसा ठेवू नये असे मुले शिकली, त्याच रंगावरून शेवटच्या दिवशी त्यांनी रत्ने ठरवायची. त्याऐवजी खऱ्या पण स्वस्त अकीकाच्या मण्यांची माळ पटवेकऱ्यांच्या गाठी शिकवून ओवायला दिली तर हा तास आधीच्या तासांना साजेसा होईल. दुसरे असे की सर्व मुलांत मिळून दहा पट मोठे दाखवणारे एकच भिंग आहे, आणि आपली पाळी येईपर्यंत लहान मुलांचे लक्ष उडते. आणखी दोन-तीन भिंगे घेणे फारसे खर्चाचे नाही. तिसरे, वर्गात बोलणे मराठी, गुजराती आणि हिंदीत चालते, पण दिली जाणारी पुस्तिका संपूर्ण इंग्रजीत आहे. माणिक, नीलम, पाचू, गोमेद, लसण्या, पोवळे ही नावे घरी आजी-आजोबांच्या तोंडी असतात. ती पुस्तिकेत असती तर मुलांना घरच्यांशी या विषयावर बोलणे सोपे गेले असते.

ग्रह आणि राशींचा विषय काही पालकांनी काढला. काकूंनी तो टाळलाही नाही आणि त्यावर वादही घातला नाही. कोणता खडा कोणी घालावा हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरचा आहे, खडा खरा आहे की नाही एवढे मात्र आम्ही येथे तपासायला शिकतो, असे त्यांनी सांगितले. मुलांसमोर द्यायला याहून योग्य उत्तर मला सुचत नाही. माणिक आणि नीलम हे दोन्ही कुरुंद या एकाच खनिजाचे प्रकार आहेत, क्रोमियममुळे एक लाल होते आणि लोह व टायटॅनियममुळे दुसरे निळे, हे कळल्यावर एका मुलीने मग ते भाऊ-बहीण आहेत का असे विचारले होते, आणि काकूंनी त्याला मनापासून होकार दिला.

शुल्क साहित्यासह १,८०० रुपये आहे, आणि तुरटी, शाडू, साबण, खनिजांचे तुकडे व पुस्तिका त्यातच मिळते. संग्रहालयाच्या प्रवेशाचे पैसे वेगळे द्यावे लागतात, हे नोंदणीच्या वेळी स्पष्ट सांगायला हवे होते. माडीचा जिना अरुंद आणि उभा आहे, त्यामुळे लहान मुलांना सोडायला-आणायला कोणीतरी मोठे हवे. सात वर्षांखालील मुलांना हा वर्ग जड जाईल, कारण वजन आणि मोजमापाची गणिते त्यांच्या आवाक्यातली नाहीत. आठ ते बारा या वयासाठी मात्र मी तो निःशंकपणे सुचवते. जागा थोड्या असल्यामुळे नोंदणी एप्रिलमध्येच करावी, आणि त्या वेळी मुकुटाऐवजी माळ करून घेण्याची विनंती पालकांनी आवर्जून करावी, म्हणजे त्या विनंतीमुळे काकूंना बदल करायला पुरेसा आधार मिळेल.